उरण: मिठागरांचा तालुका देशाचं एक मोठं कंटेनरचं दार कसा झाला?

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर उभं राहून समुद्राकडे पाहिलं की पलीकडे डोंगरांची रेघ आणि क्रेनची रांग दिसते. हा उरण तालुका. घरातला परदेशी बनावटीचा टीव्ही, गाडीचा सुटा भाग किंवा कारखान्याचं यंत्र याच तालुक्यातून आत आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. गॅसचं सिलिंडरही कदाचित इथूनच भरून आलेलं असेल. तरी मुंबई-ठाण्यातल्या अनेकांसाठी उरण म्हणजे पीरवाडीचा किनारा किंवा अटल सेतू उतरल्यावर दिसणारी हिरवी पाटी, यापलीकडे काही नाही.

आता हा तालुका पुन्हा चर्चेत आला आहे. त्याच्या पश्चिम भागावर गेल्या पन्नास वर्षांत बंदर, तेल प्रकल्प आणि नवं शहर उभं राहिलं. उरलेल्या पूर्व भागावर 'तिसरी मुंबई' नावाची योजना आखली जात आहे. जमीन पुन्हा जाणार का, गेली तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न तिथल्या गावांपुढे आहे. तो समजून घ्यायचा असेल, तर आधी उरणचा नकाशा, इतिहास आणि पैशाचा प्रवाह पाहावा लागतो.

उरण नेमकं कुठे येतं?

उरण हा रायगड जिल्ह्याच्या 15 तालुक्यांपैकी एक. पश्चिमेला आणि उत्तरेला मुंबई बंदराचं पाणी आणि पनवेलची खाडी, दक्षिणेला करंजा-धरमतरची खाडी, पूर्वेला पनवेल आणि पेण तालुके. 2011 च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या 1,60,303 होती. शेजारच्या पनवेलची त्याच वेळी साडेसात लाख होती. म्हणजे माणसांच्या संख्येत उरण लहान, पण अंगावर घेतलेल्या प्रकल्पांच्या संख्येत मोठा.

उरण शहर आणि त्याच्या आसपासचा भाग हे मुळात एक बेट होतं. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव 'करंजा बेट' असं येतं. बेटाच्या दक्षिण टोकाला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोऱ्याच्या बाजूचा डोंगर आणि मध्ये सखल जमीन. लक्ष्मणासाठी संजीवनी आणताना हनुमानाच्या हातातल्या द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला, अशी स्थानिक श्रद्धा आहे. हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाड्या, खाजणं आणि खारफुटी होती. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. पुढे बांध घातले गेले, मिठागरं झाली, भराव पडले आणि बेट जमिनीला चिकटलं. आज रस्त्याने उरणला जाणाऱ्याला आपण कधीकाळच्या समुद्रावरून चाललो आहोत, हे कळतही नाही. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी सखल गावांत पाणी शिरतं, तेव्हा मात्र आठवण होते.

घारापुरी, म्हणजे जगाला ठाऊक असलेलं एलिफंटा, हेसुद्धा उरण तालुक्यातच येतं. पर्यटक गेटवेवरून लाँचने येतात, लेणी पाहतात आणि परत जातात. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं आहेत आणि त्यांचं तहसील कार्यालय उरणला आहे. लेण्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा 1987 मध्ये मिळाला. गावांना समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसणाऱ्या बेटाला स्वतःच्या दिव्यासाठी त्यानंतर आणखी 31 वर्षं लागली.

पोर्तुगीज, मराठे, इंग्रज

खाडीच्या तोंडावर असल्यामुळे ही जागा प्रत्येक सत्तेला हवी होती. पोर्तुगीजांनी इथे चर्च आणि तटबंदी बांधली, त्यांचे अवशेष द्रोणागिरीवर आजही दिसतात. वसईच्या मोहिमेच्या काळात ती मराठ्यांकडे आली. 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टीसोबत करंजाही घेतलं आणि 1782 च्या सालबाईच्या तहात त्यावर शिक्का बसला. एवढ्या मोठ्या तहात या चिमुकल्या बेटाचं नाव वेगळं लिहावं लागलं, यावरूनच त्याचं मोल कळतं. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजावर नजर ठेवायची तर करंजा हाताशी असणं भाग होतं.

इंग्रजांच्या काळात उरण हा पनवेल तालुक्याचा एक महाल होता. आधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात मोडायचा, 1883 मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात गेला. कुलाब्याचं नाव 1981 मध्ये रायगड झालं. त्या काळात उरण दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं: मीठ आणि मोहाची दारू. मोहाची फुलं बाहेरून यायची, उरणच्या भट्ट्यांमध्ये दारू गाळली जायची आणि होड्यांनी मुंबईला जायची. बाहेरून कच्चा माल आणायचा, इथे प्रक्रिया करायची आणि मुंबईला पाठवायचा, हा धंद्याचा साचा तेव्हापासूनचा आहे. आता मोहाच्या जागी खनिज तेल आहे.

मीठ, भात, मासळी

उरणच्या गावांत आगरी आणि कोळी समाजाची वस्ती मोठी, त्यासोबत कराडी आणि डोंगराकडे कातकरी आणि ठाकूर वाड्या. 'आगरी' हे नाव मीठ पिकवण्याच्या 'आगरा'वरून आलं, असं सामान्यतः मानलं जातं.

मीठ 'पिकतं' कसं, हे शहरातल्या वाचकाला थोडं सांगायला हवं. मोठ्या भरतीचं खारं पाणी बांधाच्या आत साठवतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवतात. उन्हाने पाणी आटत जातं, खारटपणा वाढत जातो आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे खडे धरतात. ते फावड्यासारख्या लाकडी अवजाराने ओढून ढीग लावतात. हंगाम साधारण डिसेंबरपासून पहिल्या पावसापर्यंत. एक अवकाळी सर आली तरी आठवड्यांची मेहनत विरघळते. अनवाणी पायाने मिठात उभं राहून करायचं हे काम आहे आणि त्यातून कुणी आगरी मजूर श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही. जमीन बहुतेक ठिकाणी मालकाची किंवा सरकारी मीठ खात्याची असायची.

भाताची शेतीही समुद्राशी भांडूनच करावी लागते. खाजणाला बांध घालून जी जमीन मिळवली, तिला 'खार जमीन' म्हणतात. बांधात पाणी सोडण्यासाठी दारं असतात, त्यांना 'उघाडी' म्हणतात. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद ठेवून खारं पाणी अडवायचं. बांध फुटला की शेत दोन-तीन वर्षं हातचं जातं, कारण मातीतला खार धुऊन निघायला तितके पावसाळे लागतात. या जमिनीत साधं भाताचं बियाणं टिकत नाही. त्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-1', 'पनवेल-2' अशा क्षार सहन करणाऱ्या जाती काढल्या.

बांध एकट्याने राखता येत नाही. माती टाकायची, उघाडी दुरुस्त करायची, तर सगळ्या गावाने उतरावं लागतं. सामूहिकपणाची ही सवय पुढच्या आंदोलनांमध्ये उपयोगी पडली असावी, असं मानायला जागा आहे. भाताच्या जोडीला खाडीतली चिंबोरी, निवट्या, कोळंबी आणि गावतळ्यात वाढवलेला जिताडा. हिवाळ्यात वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजवून केलेली पोपटी ही या पट्ट्याची खूण आहे, मग ती अलिबागची म्हणा की उरणची, त्यावर वाद चालू राहील.

चिरनेरला काय झालं होतं?

तालुक्याच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी चिरनेर हे गाव आहे. 1930 मध्ये गांधीजींच्या सविनय कायदेभंगाच्या काळात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. इंग्रजांच्या जंगल कायद्यामुळे गावकऱ्यांना शेजारच्या रानातलं लाकूड आणि गवत घेणंही गुन्हा ठरत होतं. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमले आणि कायदा मोडून झाडं तोडू लागले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मारले गेले. जागेवर हजर असलेले मामलेदार जोशी यांचाही त्या गोळीबारात मृत्यू झाला.

मृतांच्या नावांत आगरी, कोळी, कातकरी अशी सगळी गावं दिसतात. चिरनेरला दरवर्षी 25 सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. जंगल कुणाचं आणि जमीन कुणाची, हा प्रश्न या तालुक्यात बंदराच्या बऱ्याच आधी विचारला गेला होता, एवढं इथे लक्षात ठेवायचं.

सिडको आली आणि 'साडेबारा टक्के' जन्माला आलं

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची, त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घ्यायची, असं ठरलं. जमीन राज्य सरकारने संपादित केली, तीही 1894 च्या इंग्रजी काळातल्या भूसंपादन कायद्याखाली. भाव शेतजमिनीचा लागला, पण ती जमीन विकली जाणार होती शहराच्या भावाने. वादाचं मूळ हेच होतं.

या लढ्याचं नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केलं. ते उरण तालुक्यातल्याच जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, आमदार आणि खासदार राहिलेले. 16 जानेवारी 1984 रोजी जासईच्या दास्तान फाट्यावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ले आणि धुतूम या गावांतले दोघे जण मारले गेले. दुसऱ्या दिवशी नवघर-पागोटे परिसरात पुन्हा गोळीबार झाला आणि पागोटे गावातल्या तिघांचा जीव गेला. दोन दिवसांत पाच बळी.

त्यानंतरच्या वाटाघाटींमधून आणि आणखी आंदोलनांमधून जे निघालं, त्याला 'साडेबारा टक्के योजना' म्हणतात. 1990 मध्ये राज्य सरकारने ती मान्य केली. कल्पना अशी की जितकी जमीन घेतली, त्याच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा, म्हणजे शहर वाढेल तसा भाववाढीत त्यालाही वाटा मिळेल.

आकड्यात पाहू. एक एकर म्हणजे साधारण 4,047 चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे 506 चौरस मीटर. पण यातले 30 टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात. मग हातात उरतात पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे 354 चौरस मीटर. एका एकराचे चार भाऊ वारस असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 90 चौरस मीटरसुद्धा येत नाही. तरीही ही योजना देशात भूसंपादनाच्या चर्चेत महत्त्वाची मानली जाते, कारण रोख रकमेऐवजी जमिनीतच वाटा देण्याचं तत्त्व तिने मान्य केलं. नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी नंतर ठरलेला साडेबावीस टक्क्यांचा मोबदला याच वाटेने पुढे आला. दि. बा. पाटील 2013 मध्ये गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं, यासाठी 2021 मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते.

योजनेतली खरी अडचण अंमलबजावणीची. भूखंड कुठे मिळणार, कधी मिळणार, वारसांच्या नोंदी जुळतात का, यात वर्षंच्या वर्षं गेली. अनेकांनी भूखंड हातात येण्याआधीच त्याचा हक्क बिल्डरला विकून टाकला. इमारत उभी राहिली तेव्हा मूळ मालकाच्या हाती काही उरलं नव्हतं.

बंदर कसं चालतं आणि गावाला काय मिळतं?

मुंबई बंदर शहराच्या मधोमध अडकलं होतं. त्याला पर्याय म्हणून न्हावा आणि शेवा या गावांच्या किनाऱ्यावर नवं बंदर बांधलं गेलं. 26 मे 1989 रोजी ते सुरू झालं. नाव जवाहरलाल नेहरू बंदर, बोलीत 'जेएनपीटी', आणि 2021 च्या कायद्यानंतर कारभार पाहणारी संस्था 'जेएनपीए'. 1999 मध्ये इथेच देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं. पुढे डेन्मार्क आणि सिंगापूरच्या कंपन्यांनी चालवलेली टर्मिनल्स आली.

बंदराची ताकद मोजतात 'टीईयू'मध्ये. 20 फूट लांबीचा एक कंटेनर म्हणजे एक टीईयू. 2024-25 मध्ये या बंदराने सुमारे 73 लाख टीईयू हाताळले. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांमधून जितके कंटेनर जातात, त्यातले जवळपास निम्मे एकट्या या तालुक्यातून.

जहाजातून उतरलेला कंटेनर थेट कारखान्यात जात नाही. सीमाशुल्काची तपासणी, माल काढणं, साठवणं यासाठी बंदराबाहेर 'सीएफएस' नावाची मोठी गोदामं असतात. उरण आणि पनवेलमध्ये अशी अनेक गोदामं उभी राहिली आणि स्थानिक तरुणांच्या नोकऱ्या बंदरापेक्षा जास्त तिथेच होत्या: सर्वेअर, क्रेन चालक, लेखनिक, माथाडी, ट्रेलरचे मालक-चालक. बंदराच्या आतली कामं यंत्रांनी आणि संगणकांनी घेतली. मग 2016 च्या सुमारास 'डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी'वर भर आला, म्हणजे माल बंदरातूनच थेट आयातदाराकडे न्यायचा. आयातदाराचा वेळ आणि पैसा वाचतो, देशाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण जो टप्पा वाचला, त्याच टप्प्यावर उरणच्या मुलांची नोकरी होती. उरणमधल्या रोजगाराच्या आंदोलनांकडे पाहताना हा तपशील बहुतेक वेळा सुटतो.

बंदराशिवाय तेल आहे. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात 1974 मध्ये मुंबई हाय हे तेलक्षेत्र सापडलं. तिथलं तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांनी उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात येतात. इथे वायूपासून स्वयंपाकाचा गॅस आणि इतर घटक वेगळे केले जातात. याच वायूवर बोकडवीऱ्याचं महानिर्मितीचं 672 मेगावॅटचं वीज केंद्र उभं राहिलं. शेजारी गॅस भरण्याचा प्रकल्प, पलीकडे नौदलाचा करंजाचा शस्त्रसाठा. 3 सप्टेंबर 2019 च्या पहाटे ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली आणि चार जणांचा मृत्यू झाला, तेव्हा आपण कशाच्या शेजारी झोपतो हे आसपासच्या गावांना पुन्हा एकदा कळलं.

कोळीवाड्यांचं काय झालं?

बंदरासाठी शेवा हे गाव आणि त्याचा कोळीवाडा उठवावा लागला. 1980 च्या दशकात उरण शहराजवळ नव्या जागी हनुमान कोळीवाडा वसवला गेला. काही वर्षांतच घरांना वाळवी लागली. लाकूड, दारं, कपाटं, कागदपत्रं, काहीच टिकेना. पुन्हा पुनर्वसन करावं, ही त्या लोकांची मागणी तेव्हापासून चालू आहे. त्यासाठी त्यांनी होड्या घेऊन जहाजांचा मार्ग अडवण्याचं आंदोलनही केलं आहे.

ज्यांची घरं राहिली, त्यांचा समुद्र आटला. चौथ्या टर्मिनलसाठी समुद्रात भराव पडला, खारफुटी गेली, होड्या खाडीतून बाहेर पडण्याचे मार्ग अरुंद झाले. पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. फेब्रुवारी 2015 मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांना दिला. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. रक्कम मोठी की लहान यावर मतं असू शकतात. महत्त्वाचं हे की कागदावर सातबारा नसलेल्या माणसाचाही समुद्रावर हक्क असतो आणि तो बुडाला तर भरपाई द्यावी लागते, हे एका न्यायिक संस्थेने आकड्यात मांडलं. पालघरमधल्या वाढवण बंदरात याच जेएनपीएचा 74 टक्के वाटा आहे. तिथले मच्छीमार उरणकडे लक्ष ठेवून आहेत, त्यात नवल नाही.

भरावाचा दुसरा परिणाम पाणथळ जागांवर झाला. द्रोणागिरी नोडला लागून असलेलं पाणजे हे फ्लेमिंगो आणि इतर स्थलांतरित पक्ष्यांचं ठिकाण. तिथे भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद केले जात असल्याचा आरोप पर्यावरण कार्यकर्ते वारंवार करतात आणि सिडकोच्या नकाशात तो विकासाचा भाग आहे.

एका तालुक्यात किती कारभारी?

उरण शहरात नगरपरिषद आहे. बाहेर तीसहून अधिक ग्रामपंचायती. द्रोणागिरी नोडचा कारभार सिडकोकडे, बंदराच्या हद्दीत जेएनपीए, पूर्वेकडच्या गावांत आता एमएमआरडीए. जिल्हाधिकारी अलिबागला. नवी मुंबई महानगरपालिकेची हद्द मात्र बेलापूरलाच संपते, उरण त्यात नाही. खासदार निवडायचा तो मावळ मतदारसंघाचा, म्हणजे उरणचा कोळी आणि पिंपरी-चिंचवडचा कारखाना कामगार एकाच उमेदवारांच्या यादीतून निवड करतात, मध्ये अख्खा खंडाळ्याचा घाट असला तरी.

हे गमतीचं वाटलं तरी रोजच्या जगण्यात त्याची किंमत मोजावी लागते. रस्त्यावर ट्रेलर उभे राहून कोंडी झाली तर तक्रार कुणाकडे करायची, हे रस्ता कुणाचा यावर ठरतं. पिण्याच्या पाण्याचंही तसंच. शहर आणि पश्चिमेकडची गावं एमआयडीसीच्या रानसई धरणावर अवलंबून आहेत, पूर्वेची काही गावं पुनाडे धरणावर. उन्हाळ्यात रानसईचं पाणी कमी पडलं की सिडकोकडून हेटवण्याचं पाणी घ्यावं लागतं. शंभर खाटांच्या सरकारी रुग्णालयाची मागणी तर इतकी जुनी आहे की ती करणाऱ्यांची दुसरी पिढी आली.

गावठाणाचा प्रश्नही इथलाच. जमीन संपादित झाली, पण गावाची जुनी हद्द वाढवली गेली नाही. कुटुंबं वाढली, मुलांनी घराशेजारच्या रिकाम्या जागेत घरं बांधली. ती जागा आता कागदोपत्री सिडकोची. म्हणून गावातली अनेक घरं 'अनधिकृत' ठरली. 'गरजेपोटी बांधलेली घरं' नियमित करण्याचे सरकारी निर्णय अनेकदा निघाले, मालमत्ता पत्रक हातात पडलेली माणसं कमी आहेत.

लोकल आली, सेतू आला

उरणला मुंबईशी जोडणारा सर्वात जुना मार्ग म्हणजे मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच. गाळामुळे मोठ्या ओहोटीला ती बंद ठेवावी लागते आणि प्रवासी धक्क्यावर ताटकळतात. 12 जानेवारी 2024 हा दिवस त्यामुळे उरणसाठी मोठा होता. त्या एकाच दिवशी शिवडी ते चिर्ले हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि खारकोपर ते उरण लोकल मार्गाचंही उद्घाटन झालं.

दोन्हींत फरक आहे. सेतूवर कारला एका फेरीला 250 रुपये टोल पडतो आणि दुचाकीला बंदी आहे, म्हणजे तो मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांचा. लोकल मात्र उरणकरांची. कॉलेजला, वाशीच्या बाजारात, बेलापूरच्या कार्यालयात जाणारी मुलं-बाया आता तासन्‌तास एसटीची वाट पाहत नाहीत. या स्थानकांच्या नावांवरूनही वाद झाला. ज्या गावांच्या जमिनीवर स्थानकं उभी राहिली, त्या नवघर, बोकडवीरा, धुतूम अशा गावांची नावं द्या, अशी मागणी गावकऱ्यांनी केली. बाहेरच्याला ही भावनिक बाब वाटते. पण जमीन गेल्यावर गावाचं नाव तेवढं उरतं, असं त्या गावांचं म्हणणं आहे.

आता पूर्वेकडे काय होणार?

पश्चिम भागाचा फैसला झाला. चिरनेर, खोपटे, कोप्रोली, आवरे, केगाव नव्हे तर खाडीपलीकडची ही पूर्व उरणची गावं मात्र अजून बरीचशी शेती करतात. या भागाने एकदा मोठं संकट परतवलं आहे. 2000 च्या दशकात उरण, पनवेल आणि पेणमधल्या 45 गावांवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र येणार होतं. शेतकऱ्यांनी विरोध केला. सप्टेंबर 2008 मध्ये पेण तालुक्यातल्या गावांत सरकारने चक्क जनमत घेतलं. पुढे तो प्रकल्प बारगळला.

त्यानंतर 2024 मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी 'कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर' जाहीर केलं आणि एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. क्षेत्र सुमारे 323 चौरस किलोमीटर. नवी मुंबईच्या मूळ 344 चौरस किलोमीटरच्या जवळपास तेवढंच. या 124 पैकी 80 गावं आधी 'नैना' क्षेत्रात होती आणि 33 गावं सिडकोच्या खोपटे नवनगराच्या अधिसूचनेत. म्हणजे काही गावांवर नियोजनाचा शिक्का आधीच होता, फक्त शिक्का मारणारी संस्था बदलली. अशा शिक्क्याने शेतकऱ्याची जमीन लगेच जात नाही. पण तिथे काही बांधायचं, विकायचं, कर्ज काढायचं, तर परवानगी कुणाची आणि नियम कोणते, हे वर्षानुवर्षं अधांतरी राहतं. या गावांतून हजारो हरकती दाखल झाल्या.

सरकारचा मुद्दा असा आहे की सेतू, विमानतळ आणि बंदर यांच्या मधोमध असलेली ही जमीन कुणी रोखली तरी बदलणारच. नियोजन नसेल तर बिल्डर, गोदामवाले आणि दलाल तिचा ताबा घेतील. यात तथ्य आहे, खोपट्याच्या रस्त्याला कंटेनरची गोदामं भातशेतीत शिरलेली कुणीही पाहू शकतो. गावांचा मुद्दाही तितकाच सरळ आहे: आधीच्या संपादनातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गावठाणं आणि नोकऱ्यांचे वादे पूर्ण करा, मग नवा नकाशा उघडा.

यात 2013 च्या भूसंपादन कायद्याने एक फरक पडला आहे. 1970 मध्ये सरकारला शेतकऱ्याची संमती लागत नव्हती. नव्या कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाच्या काही पट मोबदला, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि खासगी प्रकल्पांसाठी 80 टक्के प्रकल्पग्रस्तांची संमती अशा तरतुदी आहेत. म्हणूनच सध्या सरकारी यंत्रणांचा कल सक्तीच्या संपादनाऐवजी वाटाघाटी आणि विकसित भूखंडाच्या बदल्यात जमीन घेण्याकडे आहे. अशा वाटाघाटीत एकट्या शेतकऱ्यापेक्षा एकत्र आलेल्या गावाला जास्त मिळतं. चिरनेर परिसरातल्या गावबैठकांमध्ये सध्या ज्या दोन आकड्यांवर खल चालतो, ते म्हणजे टक्केवारी किती आणि त्यातून कपात किती.